पुण्याला जाल तेव्हा नदीही पाहून या



गव्हाची मळणी उरकली, पोरांच्या परीक्षा संपल्या, की घरात विषय निघतो, "एकदा पुणं दाखवा की!" मग दवाखान्याचे नाहीतर कोर्टाचे काम धरून कारभारी घरच्यांना घेऊन निघतात. तुळशीबागेत बांगड्या घेतात, शनिवारवाडा पाहतात आणि रात्रीच्या एस.टी.ने माघारी येतात. पुणे पाहिले खरे. पण ज्या पाण्यावर ते उभे आहे, ते पाणी पाहायचे राहून जाते.

म्हणून सांगतो, स्वारगेटला उतरलात की न्याहारी करून आधी पर्वती चढा. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, म्हाताऱ्या माणसांना सावकाश न्या. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या देवळात दर्शन घ्या आणि मग कठड्यापाशी उभे राहा. सिंहगड दिसतो, त्याच्या अलीकडे खडकवासला. तिथले धरण 1879 साली पुरे झाले. त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. पुण्याचे बहुतेक पिण्याचे पाणी या चार धरणांचे. पर्वतीजवळून जो कालवा जातो तोही याच पाण्याचा. तो पुढे हडपसर, यवत करीत दौंड-इंदापूरकडे जातो.

म्हणजे हंडा शहराचा असो की दारे शेतातले, पाणी एकच. शहर वाढले तसा त्याचा वाटा वाढला. उन्हाळा आला की कालव्याच्या बैठकीत शहराला किती आणि शेतीच्या आवर्तनाला किती, यावर दरवर्षी ओढाताण होते. पोरांना हे तिथेच उभे राहून दाखवा.

खाली उतरून स्वारगेटहून मेट्रोत बसा. ती जमिनीखालून जाते, पोरे खूश होतील. पुढचेच स्थानक मंडईचे. मंडईची दगडी इमारत 1886 ची. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. आज मंडईला त्यांचेच नाव आहे. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पाहाल तेव्हा मनात आणा, यातल्या कितीतरी कालव्याच्या पाण्यावर वाढल्या आहेत.

शनिवारवाड्यातली कारंजी नुसती शोभेची समजू नका. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पेशव्यांनी शहरात पाणी आणले होते. वाटेत पेठापेठांतून लोकांसाठी हौद होते. पाणी लांबून आणावे आणि सर्वांना पोहोचवावे, ही विद्या इथे जुनी आहे.

वाड्यामागे थोडे चाललात की ओंकारेश्वराचे देऊळ आणि मुठा नदी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी पुढे वसाहती बांधाव्या लागल्या. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडले की भिडे पूल बुडतो. म्हणून पावसाळ्यात गेलात तर पोरांना नदीपात्रात उतरू देऊ नका.

एरवी मात्र हीच नदी पाहून नाकाला पदर लावावा लागतो. वरचे चांगले पाणी नळाला आणि कालव्याला जाते. नदीत उरते ते बरेचसे शहराचे सांडपाणी, आणि ते सगळेच काही शुद्ध होऊन येत नाही. संगमावर मुळा आणि मुठा एक होतात. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या धरणात जाते आणि तिथून पंढरपुरी चंद्रभागा होते. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरीला जातात. नदीही त्याच गावाला जाते, पण शहराची घाण डोक्यावर घेऊन.

तेव्हा पुण्यात पाहुणे म्हणून जा, पण परके म्हणून जाऊ नका. या पाण्यात तुमचा हिस्सा आहे, म्हणून विचारण्याचा हक्कही आहे. मात्र पुलावरून निर्माल्याची पिशवी नदीत टाकू नका आणि गावचा ओढाही असाच सांभाळा. मग शहराला चार शब्द सुनावताना जीभ अडखळणार नाही.