खडखडाटाला सेन्सर नसतो

जुन्या गाडीतून आवाज यायला लागला की लोकांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ टेपचा आवाज वाढवतो. दुसरा म्हणतो, "विकून टाका आता!" मला दोन्ही पटत नाहीत. आवाज ही गाडीची तक्रार आहे, आणि तक्रार ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, असं आपलं माझं मत.

आमची गाडी सतरा वर्षांची. (कंपनीचं नाव घेत नाही, दोष वयाचा आहे.) १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. वय झालं की माणसाचे गुडघे बोलतात, गाडीचे रबरी बुश बोलतात. त्यात आमच्या बुलढाण्याकडची काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन बसतं.

तर, तुळशीच्या लग्नानंतर गाडीच्या पोटातून खडखड सुरू झाली. मलकापूरला एका लग्नाला जायचं होतं. घाटावरून घाटाखाली, म्हणजे राजूर घाट आलाच. मागच्या सीटवर आई आणि दोन पोरं. बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं होतं, तेव्हा हा नुसता कटकटीचा प्रश्न नव्हता. बाहेरगावच्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी लॅपटॉप जोडला, "एकही एरर नाही" म्हणाले, आणि तरीही पुढचं सगळं सस्पेन्शन बदलायचा अंदाज हातात ठेवला.

स्कॅनर वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तो फक्त सेन्सरना विचारतो, आणि सैल बोल्टला सेन्सर नसतो. शिवाय आवाज पत्र्यापत्र्यातून फिरतो, त्यामुळे तो 'कुठून' येतो हे फसवं असतं. 'कधी' येतो ते विचारावं. फक्त खड्ड्यात येत असेल तर बुश, लिंक रॉड, शॉकअप बघा. पूर्ण वळताना कट-कट होत असेल तर एक्सलचा जॉइंट. ब्रेक दाबल्यावर थांबत असेल तर ब्रेक पॅड. आणि गाडी उभी असतानाही येत असेल तर इंजिनाचे माउंटिंग नाहीतर सायलेन्सरची लाइन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा ऐकायचं.

आमच्या गावातल्या मिस्त्रींनी नेमकं हेच केलं. आधी डिकीतली स्टेपनी, जॅक, पाने बाहेर काढले. आवाज कायम. मग उभ्या गाडीत मला हळूहळू रेस द्यायला लावली. ठरावीक रेसला खडखड, थोडी कमी-जास्त केली की गायब! लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून त्यांनी ऐकलं. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाची छाती ऐकली, त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. युक्ती तीच. इंजिन निर्दोष सुटलं. मग लाकडी काठीनं त्यांनी खाली एकेक पत्रा दाबून पाहिला. सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवणारा पत्रा असतो, तो दाबला आणि आवाज बंद. बोल्ट गंजून तुटला होता. इंजिनाची थरथर त्या पत्र्याच्या स्वतःच्या थरथरीशी जुळली की तो नाचायचा. एक क्लॅम्प आवळला, काम झालं. जॅक लावून चाकं हलवून बॉल जॉइंटही बघितले. घट्ट होते.

आणि मागितले किती? क्लॅम्पचे पैसे आणि वर शंभर रुपये.

इथेच मला खरा त्रास होतो. बिलाच्या कागदावर पार्टला ओळ असते, ऐकण्याला नसते. मग पार्ट बदलणं परवडतं आणि ऐकणं परवडत नाही. मिस्त्रींचा मुलगा हे काम शिकायला तयार नाही, आणि त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? तासभर त्यांनी गाडीखाली काढला, त्या तासाची किंमत आपण कधी लावलीच नाही. मी तपासणीचे वेगळे पैसे दिले. ते घेईनात, बराच वेळ हो-नाही चाललं, पण दिले.

असो. मामा, तुम्ही हे वाचत असालच. तुमच्या गाडीचा तो आवाज टेप वाढवून जाणार नाही. बुलढाण्याला याल तेव्हा मिस्त्रींकडे नेऊ. मात्र ऐकण्याचे पैसे तुम्ही द्यायचे!