स्वयंसेवकांची विचारपूस

आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज पुणे, मुंबई, बंगळूर येथील संगणक-कंपन्यांत नोकरी करतात. त्यांपैकी काही जण दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री आणखी दोन तास खपतात, आणि त्याचा त्यांना एक पैसाही मिळत नाही. हे काम 'ओपन सोर्स' म्हणजे मुक्त स्रोत प्रणालींचे. पालकांसाठी थोडक्यात सांगायचे, तर जिची आतील घडण कोणालाही पाहता येते, दुरुस्त करता येते आणि पुढे वाटता येते, अशी संगणकप्रणाली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशाच प्रणालीवर उभा आहे आणि त्यातील लेखही स्वयंसेवकांनीच लिहिलेले आहेत. अशा कामात नेतृत्वाने नेमके करावयाचे काय, याविषयी आम्हांस येथे थोडे लिहावयाचे आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघापुढेही आज हाच प्रश्न आहे.

पगारी माणसाला जाब विचारता येतो, स्वयंसेवकाला येत नाही. डेबियन हा १९९३ साली सुरू झालेला प्रकल्प या बाबतीत पाहण्याजोगा आहे. जगभर विखुरलेले त्याचे सदस्य दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. परंतु प्रकल्पाच्या घटनेनेच स्पष्ट केले आहे की, कोणत्याही सदस्यावर काम करण्याचे बंधन नाही. मग नेत्याच्या हाती उरते काय? विचारणे. २०२४ मध्ये निवडून आलेले आंद्रेयास टिले यांनी प्रकल्पातील निरनिराळ्या संघांना पत्रे लिहून, तुमचे कसे चालले आहे, अशी विचारणा केली. वरवर पाहता ही साधी गोष्ट वाटते. ती न घडल्यास काय होते, हे त्याच वर्षी जगाने पाहिले.

'एक्सझेड' नावाचे, माहितीचा आकार आवळून लहान करणारे एक छोटे साधन आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या संगणकांत ते असते. त्याची देखभाल फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला करीत होते. आपली प्रकृती पूर्वीसारखी साथ देत नाही आणि हे आपले फावल्या वेळचे काम आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे कळवलेही होते. त्यांच्याकडे विचारणा करणारे होते; पण ती विचारणा 'काम कधी होणार' अशी होती. तगादा लावणाऱ्यांपैकी काही नावे बनावट असावीत, असे पुढे मानले गेले. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणी तरी मदतीचा हात पुढे केला, दीड-दोन वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला आणि अखेरीस त्या साधनात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, त्याने त्याचा माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. तो चोरदरवाजा सर्वदूर पसरण्यापूर्वीच सापडला, एवढेच नशीब.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक ठिकाणी सुरक्षेच्या अंगाने झाली. आमचे मत थोडे निराळे आहे. एक थकलेला माणूस आपण थकलो असल्याचे सांगत होता, आणि ज्यांचे व्यवहार त्याच्या श्रमांवर चालले होते त्यांच्यापैकी कोणाचेही त्याच्याकडे जाऊन बसणे हे कर्तव्य ठरलेले नव्हते. ती रिकामी जागा एका भामट्याने भरली.

ही जागा रिकामी राहू न देण्याची एक जुनी रीत आपल्या नातेपुत्यालाच दरवर्षी पाहावयास मिळते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून येथे मुक्कामी येते. आपल्या संस्थेचा मार्ग उपासनेचा नाही. परंतु व्यवस्था जिथे चांगली असेल तिथून ती शिकावी. संध्याकाळच्या समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सारे शांत होते. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवीत नाही. मग चोपदार त्या आवाजाच्या रोखाने त्या दिंडीकडे जातो आणि गाऱ्हाणे ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ, हेही तिथेच पुकारले जाते.

यातील बारकावा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. तक्रार असणाऱ्याने अर्ज लिहावयाचा नाही, पुढे येऊन बोलावयाचे नाही. त्याने फक्त टाळ वाजवीत राहावयाचे. जाण्याचे काम चोपदाराचे. शिवाय हे वर्षाअखेर नव्हे, तर मुक्कामाच्या ठिकाणी रोज. संकोची माणूसही टाळ वाजवू शकतो.

मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्त आपल्या वाचकांना ठाऊक असेल. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल गोसिंग सालवनात राहत असताना भगवान बुद्ध स्वतः त्यांच्याकडे गेले. वनरक्षकाने त्यांना न ओळखता दाराशीच अडवले, हा त्यातील गमतीचा भाग. तथागतांनी प्रथम विचारले ते प्रकृतीविषयी आणि भिक्षा नीट मिळते की नाही याविषयी, नंतर एकोप्याविषयी, आणि साधनेतील दक्षतेचा प्रश्न त्यानंतर आला. बहुतेक कार्यकारिणींच्या सभांत हा क्रम अगदी उलटा असतो. तेथे अहवालाने सुरुवात होते आणि प्रकृतीपर्यंत पोहोचण्याआधी चहा येतो.

आपल्या संघाचे म्हणाल, तर सायंकाळची अभ्यासिका, ग्रंथालय, संगणक-कक्ष आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे मदतकेंद्र, ही कामे मोजक्या माजी विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर आहेत. त्यांच्याकडून तिमाही पत्रक भरून घेण्याची सूचना सध्या चर्चेत आहे. तिला आमचा विरोध आहे. निधी देणाऱ्यास हिशेब द्यावा लागतो हे खरे, आणि पैशाचा हिशेब ठेवावाच. परंतु पत्रकात 'अडचणी' या रकान्यापुढे लोक 'नाही' असेच लिहितात. त्याऐवजी कार्यकारिणीतील एका सभासदाने दर दोन महिन्यांनी प्रत्येक गटाकडे जावे, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या जागी. जो जाईल त्याला एखादी लहान अडचण तिथल्या तिथे सोडविण्याचा अधिकार असावा. विचारून काहीच न करणे हे न विचारण्याहून वाईट.

आणखी एक गोष्ट डेबियनकडून घ्यावी. तेथे एखाद्याला आपल्याकडील काम झेपेनासे झाले की, तो ते रीतसर सोडून देऊ शकतो. सोडलेल्या कामांची यादी उघड असते आणि इच्छुकाला त्यातून ते उचलता येते. आपल्याकडे मात्र माणूस फोन उचलणे बंद करतो, आणि मग त्याच्याविषयी कुजबुज सुरू होते. ज्याने पाच वर्षे अभ्यासिकेची किल्ली सांभाळली, त्याला ती सन्मानाने दुसऱ्याच्या हाती देता यावी. अशी यादी शाळेच्या सूचनाफलकावर लावण्यास खर्च नाही, आणि येत्या माजी विद्यार्थी मेळाव्याआधी ती लागावी, असा आमचा आग्रह आहे.