पुसलेल्या फिती
1969 साली माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्रीचं बीबीसीच्या स्टुडिओतलं थेट प्रक्षेपण आज जवळजवळ शिल्लकच नाही. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसायची आणि तिच्यावर नवा कार्यक्रम उतरवायचा, हा रिवाजच होता. पुनर्प्रक्षेपण कलाकारांच्या करारांनी जखडलेलं, घरोघरी व्हिडिओ यायचा होता, मग जपायचं कुणासाठी? बीबीसीच्याच ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे 1960च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग अजूनही बेपत्ता आहेत. जे परतले, त्यांतले बरेच परदेशी वाहिन्यांना विकलेल्या 16 मिलिमीटर फिल्मवरून. 2013 मध्ये तर नायजेरियातून एकदम नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं. मला मात्र सर्वांत मोठी वाटते ती टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टिपणाऱ्या चाहत्यांची कामगिरी. त्यांच्यामुळेच हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज ऐकता येतो! आता खासगी संग्राहकांकडे उरल्या असतील त्या फिल्म्स मालकीवरून कारवाईच्या धाकाशिवाय अभिलेखागारांत याव्यात, आणि लवकर याव्यात. कारण जुनी ॲसिटेट फिल्म वर्षागणिक कुजत जाते आणि ती सांभाळणाऱ्यांचंही वय होत चाललं आहे.