मोरगावचे ऊन आणि नातीचा अहवाल

वाचकहो, मोरगावहून एका आजींचे पत्र आले आहे. त्यांची नात एकोणीस वर्षांची, बारामतीला महाविद्यालयात जाते. पाळी दोन-दोन, कधी तीन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस उगवू लागले आहेत, मान काळवंडली आहे. डॉक्टरांनी ‘पीसीओएस’ असे निदान केले आणि रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व अवघे 11 निघाले. आजींचे प्रश्न दोन. आमच्या गावात पाऊस कमी, ऊन उदंड. मग उन्हाचे जीवनसत्त्व कमी कसे? आणि हे दुखणे आमच्या घराण्यातून तिच्याकडे आले काय? पत्राच्या अखेरीस त्यांनी सहज लिहिले आहे की, नातीच्या उरलेल्या पुड्या त्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी रोज एक याप्रमाणे घेत आहेत.

आजी, उत्तर या शेवटच्या ओळीपासून देते. त्या पुड्या आजच थांबवा. अशा एका पुडीत 60,000 एकके असतात आणि ती बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. साठीनंतरची रोजची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 800 एकके धरली आहे. म्हणजे आपण रोज पंचाहत्तर दिवसांचा शिधा घेत आहात! हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असल्यामुळे जादा झालेले लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठते. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढते. मग तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, ग्लानी आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. यातील बहुतेक लक्षणे घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात, हा खरा धोका. कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असल्यास तिचे नाव डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण काही गोळ्यांनी कॅल्शियम आणखी वाढते.

आता उन्हाविषयी. ऊन गावावर पडून भागत नाही, ते कातडीवर पडावे लागते. नात सकाळी स्कार्फ, हातमोजे, पूर्ण बाह्या अशा वेषात निघते, दिवसभर वर्गात बसते आणि ऊन कलल्यावर परतते. मयूरेश्वराच्या दर्शनाला जाताना लागणारे पहाटेचे कोवळे ऊन सुखद खरे, पण जीवनसत्त्व घडविणारे अतिनील किरण त्यात फारच थोडे असतात. ते साधारण अकरा ते दोनच्या उन्हात भरपूर मिळतात. सावळ्या त्वचेला वेळ अधिक लागतो, आणि वृद्धांच्या त्वचेची ही क्षमता मुळातच घटलेली असते. काचेआडच्या उन्हाचा तर या कामी उपयोगच नाही.

या कमतरतेमुळेच पीसीओएस झाला काय? तसे म्हणता येत नाही. या विकारात पुष्कळ मुलींचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. शरीर अधिक इन्शुलिन बनविते, ते बीजकोशांना पुरुषी संप्रेरके वाढविण्यास उद्युक्त करते. त्यातून पाळी लांबते, केस वाढतात. मानेचा काळेपणा हीसुद्धा त्याच इन्शुलिनची खूण आहे. तो मळ नव्हे, तेव्हा बेसन-हळदीने मान घासणे थांबवावे. अशा स्त्रियांत ‘ड’ पुष्कळदा कमी आढळते हे खरे. परंतु 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, स्थूलतेकडे नेणारी जनुके ‘ड’ची पातळी खाली आणतात, उलट दिशेचा परिणाम मात्र जवळजवळ दिसत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2,423 जणांवर झालेल्या चाचणीत रोज 4,000 एकके देऊनही मधुमेह लक्षणीय प्रमाणात टळला नाही. कमतरता असेल तर ती हाडांसाठी भरून काढावीच. पुडीने पाळी सुरळीत होईल ही आशा मात्र धरू नये.

घराण्याचे म्हणाल, तर आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या 2006 सालच्या अभ्यासातून तो सुमारे सत्तर टक्के निघाला. पण एकच एक दोषी जनुक नसते. अनेकांचा थोडाथोडा भार असतो, आणि तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. म्हणून सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मुंबईत 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी झाली, तेव्हा एका निकषाने 22.5 आणि अधिक कडक निकषाने 10.7 टक्के मुलींत हा विकार आढळला होता. इतक्या घरांत जे आहे, त्याची लाज ती काय बाळगायची?

नात सडपातळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी 2.7 किलोंची, तिकडची 3.5 किलोंची, तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ‘दिसायला बारीक, आतून मेदस्वी’ ही आपली घडण जन्मापासूनची आहे. यास्तव वजन कितीही असो, ग्लुकोज पाजून करावयाची साखरेची तपासणी निदानाच्या वेळीच व्हावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी व्हावी, असे या विकाराची 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

‘लग्न झाले की सारे सुरळीत होते’ असे शेजारी सांगतील. ते ऐकून दोन वर्षे दवडू नका. पाळी महिनोन् महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. त्यावर औषध आहे, पण ते वेळेवर घ्यावे लागते. घरी भाकरीबरोबर उसळ वाढवा, चहातील साखर कमी करा (ती साऱ्या घराचीच करा, एकट्या नातीची नको), आणि संध्याकाळी तिच्यासोबत नदीपर्यंत चाला. गुडघ्यांनाही ते चालणे पुडीपेक्षा मानवेल.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बरोबर न्या. त्यावर नातीच्या गेल्या वर्षभरातील पाळीच्या तारखा, दोन्ही घराण्यांत मधुमेह कोणाला आणि कितव्या वर्षी झाला ते, आणि खाली आपल्या नावासमोर आजवर घेतलेल्या पुड्यांची खरी संख्या लिहा.