पाखरांचे भाडे कोणाच्या पदरात?

हिवाळा लागला की हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब वर्धा जिल्ह्यातील तलावांवर उतरतात. माळावर भोवत्या येतात, दिवसा टोळ-नाकतोडे टिपतात व रात्री गवतात जमिनीवरच विसावतात. हे पाणी व हे गवत राखणाऱ्या खासगी जमीनमालकास मोबदला द्यावा, हा विचार जगात रुजत आहे. कॅलिफोर्नियात २०१४ पासून भातशेतकऱ्यांना काही आठवडे खाचरांत पाणी साठवून ठेवण्याचे पैसे मिळू लागले. रक्कम शेतकऱ्यांनी सांगायची व स्वस्तात पडतील ती शेते निवडायची, असा हा उलटा लिलाव आहे.

समाजवाद्यांनी बाजारू म्हणून या कल्पनेकडे पाठ फिरवू नये. मोबदल्याविना संरक्षण म्हणजे काय, हे सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याने भोगले आहे. १९७९ साली तेथे माळढोकासाठी ८,४९६ चौ. कि.मी.चे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, पिकती शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी.वर आणावे लागले. तोवर शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसून गेली होती, आणि माळढोक तर आज तेथे जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

मात्र कॅलिफोर्नियाचा लिलाव वर्ध्यात आणणे हा निव्वळ अन्याय ठरेल. २००६ च्या पंतप्रधानांच्या मदत-योजनेत विदर्भातील जे सहा संकटग्रस्त जिल्हे होते, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात सर्वांत कमी बोली कोण लावील? ज्याच्या दारी सावकाराचा तगादा अधिक, तोच. गरजवंताला अक्कल नसते, हे बाजाराला पुरते ठाऊक असते.

शिवाय पैसा सात-बाऱ्यावरील नावाने जाणार. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार रुपयेही मालकालाच देय ठरले. मक्त्याने वा बटाईने कसणारा कोरडाच राहिला. रान पडीक ठेवले तर मालकास भाडे मिळेल, पण निंदणाला व कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा रोज बुडेल, त्याचे काय?

आणि पक्षी काही सात-बारा पाहून उतरत नाहीत. वर्ध्यासह पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल आहे. ते वनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरविले. तेथे गुरे चारणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसांना राखणीचा मोबदला देण्याचा विषय कोणी काढीत नाही. (ज्या जिल्ह्यात पवनार आहे, त्याला गावाच्या सामाईक हक्काचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.)

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून मागणी करावी ती अशी: मोबदल्याचा दर बुडालेल्या उत्पन्नावरून उघडपणे ठरावा, त्यात कसणाऱ्याचा वाटा लेखी असावा, आणि सामाईक माळाची रक्कम ग्रामसभेकडे यावी. तलावातील बेशरम उपटणे, गाळ काढणे, गवताची राखण करणे ही कामे मजुरांनाच मिळाली पाहिजेत. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडून काही शिकावे लागणार नाही.