संशोधन कालव्यावर पोचले पाहिजे

पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, तेव्हा प्रस्तुत लेखक महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागला, त्याला थोडीच वर्षे झाली होती. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली येणार होती. मूळ अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. २००९ साली हा प्रकल्प राष्ट्रीय म्हणून घोषित झाला. खर्चाचा आकडा पुढे १८,००० कोटींच्या पलीकडे गेला. लेखक यथाकाल निवृत्तही झाला. परंतु संपूर्ण लाभक्षेत्राला पाणी देण्याचे काम तीन दशके उलटून गेल्यावरही अपुरेच होते.

ही सारी वाढ म्हणजे केवळ लूट, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्थशास्त्राला धरून होणार नाही. तीत महागाई आहे, भूसंपादनाचा मोबदला आहे, पुनर्वसन आहे, वनखात्याच्या परवानग्यांसाठी गेलेली वर्षे आहेत. तथापि एक भाग असा आहे की ज्याला यांपैकी कोणतीही सबब लागू पडत नाही. तो म्हणजे कालव्यांच्या काँक्रीट अस्तरीकरणाचा दर्जा. वडनेरे समितीने खर्चवाढीचा आणि मेंढेगिरी समितीने कामांच्या गुणवत्तेचा विचार केला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. ठेकेदार आणि पुढारी यांच्या साट्यालोट्याची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. परंतु एक प्रश्न बाजूलाच राहिला: कालवा टिकाऊ कसा बांधावा, हे आपल्याला ठाऊक नव्हते काय?

ठाऊक होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या प्रश्नावर अनेक वर्षे खर्ची घातली. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेले अस्तर ती उचलते आणि फोडते. अस्तर अधिक जाड करावे, किंवा खाली वाळूचा थर द्यावा, हे वरवर सुचणारे उपाय. कट्टींनी मोठ्या आकाराचे प्रयोग करून दाखविले की वाळूने भागत नाही. काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये चिकटपणा असलेल्या, पण न फुगणाऱ्या मातीचा किंवा तशा जातीच्या मुरमाचा थर नीट दाबून बसविला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरले जाते. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यावर ही पद्धत वापरली गेली आणि पुढे भारतीय मानकांतही तिला स्थान मिळाले. परदेशातून उसना आणलेला हा शोध नव्हे. आपल्याच मातीच्या अडचणीतून आपल्याच मातीसाठी तो जन्माला आला.

मग असे ज्ञान कामावर का दिसत नाही? लेखकाचा एक जुना विद्यार्थी एका लहानशा कालव्यावर कनिष्ठ अभियंता होता. त्याच्याबरोबर उन्हाळ्यात त्या कामावर जाण्याचा योग आला. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचण्यांची नोंदवही त्याने दाखविली. प्रत्येक ठोकळा उत्तीर्ण! मी म्हणालो, "माझ्या वर्गाचा असा निकाल कधी लागला नाही." तो हसला नाही. म्हणाला, "सर, तुमच्या वर्गात पेपर लिहिणारा आणि तपासणारा वेगळा होता." अस्तरावर दोन आठवडे पाणी मारायला टँकर कोणी द्यायचा, यावरच तेथे वाद चालू होता. वैशाखातले ऊन कोणाची वाट पाहत नव्हते.

त्या तरुणाच्या वाक्यात या प्रश्नाचे अर्थकारण सामावलेले आहे. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर आणि चौरस मीटर मोजले जातात, आणि जे मोजले जाते त्याचेच देयक निघते. मुरूम योग्य जातीचा होता काय, योग्य ओलाव्यावर दाबला काय, काँक्रीटमध्ये पाणी किती ओतले, हे पृष्ठभागावरून दिसत नाही. डफ एब्रम्स यांनी १९१८ साली शिकागोत सिद्ध केले की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. शंभर वर्षांहून जुना हा धडा मिश्रण सहज सरकावे म्हणून ओतलेल्या एका जादा बादलीत आजही बुडतो. तडे जातात ते दोनतीन पावसाळ्यांनंतर. तोवर देयक फेडलेले असते, अधिकाऱ्याची बदली झालेली असते. नफा आजचा आणि खाजगी. तोटा उद्याचा आणि सार्वजनिक. कालव्याच्या शेपटाकडील धान उत्पादक हा तोटा सोसतो, आणि धरणाखाली गाव गेलेला माणूस तर दोनदा सोसतो: एकदा जमीन देऊन, दुसऱ्यांदा त्या त्यागाचे चीज न झाल्याचे पाहून.

संशोधनाला पैसा नाही, हे उत्तर टिकणारे नाही. खडकवासल्याची केंद्रीय संस्था १९१६ पासून, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून कार्यरत आहे. उणीव संस्थांची नसून दुव्याची आहे. संशोधन इंग्रजी नियतकालिकात छापले जाते, मानक कचेरीच्या कपाटात राहते, आणि काम करणारा मुकादम, गवंडी, रोलरचालक यांच्यापर्यंत मराठीतून एक पानही येत नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. मोठ्या कामावर ठेकेदारापासून स्वतंत्र अशी प्रयोगशाळा असावी. चाचण्यांचे निकाल मराठीतून ग्रामसभेत वाचले जावेत, आणि ठोकळे घेताना लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचे प्रतिनिधी हजर असावेत. देयकाचा काही अंश दोन पावसाळे उलटेपर्यंत रोखून ठेवावा. आणि नापास ठोकळा नापास म्हणून लिहिणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी कार्यकर्त्यांनी उभे राहावे. आजवर आपण त्याला सरसकट सरकारचा माणूस समजून दूर ठेवले, ही आपली चूक झाली.

या जिल्ह्याला हे अपरिचित वाटू नये. येथील मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब होते. त्यांतील कित्येक तलावांच्या पाळी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. त्या जुन्या व्यवस्थेतील जमीनदारी आपल्याला नको आहे. परंतु एक गोष्ट त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे: पाळ बांधणारा माणूस त्याच पाळीखाली शेती करीत होता. बांधणारा आणि भोगणारा यांच्यात आज पडलेले अंतर लोकांच्या देखरेखीनेच भरून निघेल. ते भरले नाही, तर पुढच्या कालव्यावरही हाच लेख पुन्हा लिहावा लागेल.