पारधीपण पुसून पारध्यांचे भले होणार नाही



पारध्यांच्या प्रश्नावर चर्चा निघाली की एक सल्ला हमखास दिला जातो : जुने सगळे सोडा, मुख्य प्रवाहात या. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरातही तो ऐकू येतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सोलापूरचाच इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो.

1871 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. रोजची हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचे. ‘सुधारणा’ म्हणतात ती हीच होती. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, 1960 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते इथली तार तोडली गेली. तरीही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीकडे वळते. रात्री-अपरात्री दार वाजण्याच्या धास्तीत जी आई जगते, तिच्या तब्येतीचे मोजमाप कोणत्या आरोग्य शिबिरात होते?

आणि जे ‘जुने’ सोडायला सांगतात, ते नेमके काय आहे? फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारध्याची विद्या म्हणजे नुसती शिकार नव्हे. तित्तराची वाट ओळखून तिच्यावर फाशांची रांग लावायची, पाळीव बैलाच्या आडून काळविटाच्या कळपापर्यंत सरकायचे, पाखराला त्याच्याच आवाजात साद घालायची. गवताळ माळाचे इतके बारीक ज्ञान पुस्तकातून येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. चूक झाली ती पुढे. शिकारीबरोबर ती जाणकारीही आपण गुन्ह्याच्या खात्यात टाकली. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य 1979 पासून आहे. आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. ती जाणकारी कामी लावली तर काय होते, हे इतरत्र दिसते. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी गवताळ राने आणि तणमोर राखतात. मध्य प्रदेशात पन्न्याला पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात. जी ओळख लपवावी लागत होती, तिच्यावरच तिथे रोजगार मिळतो.

ओळख जपण्याचा संबंध केवळ रोजगाराशी नाही, जगण्याशीही आहे. कॅनडात चँडलर आणि लालोंड या अभ्यासकांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील आदिवासी समुदायांचा अभ्यास मांडला. स्वतःचा कारभार, शाळा आणि सांस्कृतिक केंद्रे ज्यांच्या हाती होती, त्या समुदायांत तरुणांच्या आत्महत्या कितीतरी कमी होत्या.

याचा अर्थ परंपरेतले सगळेच जपावे असा नाही. उकळत्या तेलातून नाणे काढायला लावून बाईचे चारित्र्य तपासणारी जातपंचायत गेलीच पाहिजे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला, त्याचा आधार वस्तीतल्या बायांना मिळायला हवा. पण तो अन्याय थांबवण्यासाठी पोरांच्या तोंडची पारधी बोली हिरावून घेण्याची गरज नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात ती बोली जाणणारी एखादी ताई असली, तर शाळा परकी वाटणार नाही.

वनखात्याने नान्नजच्या माळावर पारधी तरुणांना पगारी रक्षक आणि वाटाडे म्हणून नेमावे. चिंचोळीतल्या कारखानदारांनी व ठेकेदारांनी पत्त्यात ‘पारधी वस्ती’ दिसली म्हणून कुणाचा अर्ज बाजूला सारला जाणार नाही, असे लेखी जाहीर करावे आणि ते गेटवरच्या सुरक्षारक्षकापर्यंत पोहोचवावे.

— एक वाचक, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर